काच शाबूत, रिंग खिळखिळी : दोन लाखांच्या लेन्सचं दुखणं

मंडळी, आज रस्ता नाही, पाणी नाही, नगरपालिका पण नाही. आज विषय आहे लेन्सच्या रिंगचा. "हा काय सार्वजनिक विषय झाला?" असं कुणी म्हणण्याआधी आपल्या तालुक्यात लग्नं, बारशी, वाढदिवस शूट करून घर चालवणारी किती पोरं आहेत ते जरा मोजा. यातल्या बहुतेकांची सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे घर नाही, गाडी नाही, तर हप्त्यावर घेतलेली एक लेन्स. २४-७० एफ २.८ सारखी चांगल्या कंपनीची लेन्स घ्यायची म्हटलं तर दीड-दोन लाख सहज लागतात.

आता गंमत बघा. ही लेन्स बिघडते तेव्हा तिची काच बहुतेक वेळा ठणठणीत असते. जाते ती रिंग. रबर ढिलं पडून फुगतं आणि बोटाखाली सरकायला लागतं. झूमची रिंग एका जागी अडकते, नाहीतर इतकी सैल होते की कॅमेरा खाली धरला की लेन्स आपोआप लांब होते. काहींच्या रिंगला डावी-उजवीकडे चांगला खुळखुळा येतो. मी वीस वर्षं बातमीसाठी कॅमेरा गळ्यात घालून फिरतोय. माझ्या ओळखीच्या फोटोग्राफरांच्या कपाटात "काच चांगली आहे पण" असं म्हणून पडून असलेल्या लेन्स मी पाहिल्यात.

हे का होतं, ते सोप्या भाषेत सांगतो. झूमची रिंग फिरवली की आतली नळी तिरक्या खाचांतून पुढं-मागं सरकते. त्या खाचांत छोट्या स्क्रूंवर प्लॅस्टिकच्या बारीक चकत्या असतात. हजारो वेळा फिरवून त्या झिजल्या की नळी डुलायला लागते. बऱ्याच झूम लेन्समध्ये एक कागदासारखी पातळ पट्टीची वायर असते, ती प्रत्येक झूमला वाकते. काही वर्षांनी तिला चीर गेली की अॅपर्चर काम करत नाही आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर एरर येतो. म्हणजे दोन लाखांचं यंत्र नखाएवढ्या चकतीवर आणि एका पट्टीवर उभं आहे.

नव्या मिररलेस लेन्समध्ये तर प्रकार आणखी पुढं गेलाय. जुन्या लेन्सची फोकस रिंग आटे पाडलेल्या धातूच्या नळीला जोडलेली असायची, हात फिरला की काच फिरायची. आताच्या बहुतेक लेन्समध्ये ती रिंग फक्त सेन्सरला इशारा देते, काच मोटार हलवते. त्यात २०१८ पासून कॅननच्या आरएफ लेन्सवर वेगळी कंट्रोल रिंग आली. अॅपर्चर, आयएसओ काय पाहिजे ते तिच्यावर लावा. सोय झकास आहे, नाही म्हणत नाही. पण फिरणारा भाग एकानं वाढला म्हणजे बिघडायची जागाही एकानं वाढली. आणि सेन्सर गेला तर गावातल्या घड्याळजीकडं किंवा जुन्या कॅमेरा मेकॅनिककडं त्याचं औषध नाही.

प्लॅस्टिक म्हटलं की लगेच शिव्या घालायच्या, हेही मला पटत नाही. चांगलं प्लॅस्टिक हलकं असतं, धातूसारखा पोचा पडत नाही. दिवसभर लग्नात उभं राहणाऱ्याच्या मनगटाला विचारा. माझा आक्षेप कशापासून बनवलंय याच्यावर नाही. आक्षेप आहे तो किती टिकेल हे न सांगण्यावर.

कॅमेरा घेताना कंपनी शटरचं आयुष्य सांगते. कॅननच्या ५डी मार्क ४ ला दीड लाख, निकॉनच्या डी८५० ला दोन लाख क्लिक. हा आकडा बघून लोक सेकंडहँड कॅमेऱ्याचा भाव ठरवतात. पण झूमची रिंग किती वेळा फिरवून तपासली, हे मी एकाही लेन्सच्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही. शटरचं मोजता येतं, मग रिंगचं का नाही?

कंपनीची बाजूही ऐका. लेन्स पडते, वाळू जाते, पाऊस लागतो, हे खरंच आहे. पण आपल्याकडची हळद, मिरवणुकीतला गुलाल, जेजुरीचा भंडारा या काही अचानक आलेल्या आपत्ती नाहीत. इथं माल विकायचा आणि इथली धूळ वॉरंटीच्या बाहेर ठेवायची, याला काय म्हणायचं? जाहिरातीत "धूळ आणि ओलाव्यापासून संरक्षण", आणि सर्व्हिस सेंटरच्या कागदावर "धुळीमुळं बिघाड, वॉरंटी लागू नाही".

चूक कबूल केली तर काय होतं, याचं उदाहरणही आहे. २०१२ च्या जुलैत कॅननच्या ६५०डी कॅमेऱ्याच्या काही नगांची पुढच्या बाजूची रबरी पकड पांढरी पडायला लागली. रबर तयार करताना वापरलेल्या रसायनाचा तो परिणाम होता. कंपनीनं जाहीर निवेदन काढलं आणि पकड फुकट बदलून दिली. तिथं बिघाड रबरात होता, म्हणून ग्राहकाच्या हाताच्या घामावर ढकलता आला नाही. रिंगच्या रबराला हाच न्याय लावायला काय हरकत आहे?

आता कामाचं बोलू. आपल्या एका फोटोग्राफर मित्राची झूम रिंग ऐन लग्नसराईत अडकली. लेन्स वॉरंटीत होती. उत्तर मिळालं, "तुम्ही व्यावसायिक वापर करता, तुम्ही ग्राहक नाही." मित्र गप्प बसला. असे गप्प बसणारे बरेच आहेत, आणि हे उत्तर सरळ चुकीचं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७) वाचा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि फक्त त्यासाठीच वापरलेली वस्तू "व्यावसायिक हेतू"त धरली जात नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात टाइपरायटरचं उदाहरण दिलं होतं. स्वतः टाइपरायटर चालवून दुसऱ्यांची कामं करून देणारा माणूस ग्राहकच आहे. मदतीला एक-दोन माणसं असली तरी फरक पडत नाही, हेही त्यात आहे. टाइपरायटरच्या जागी कॅमेरा ठेवा. आपला फोटोग्राफर आणि त्याचा लाईट धरणारा पोरगा या व्याख्येत चपखल बसतात.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा. तक्रार आता तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या ऑफिसमागं दिल्ली-मुंबईला पळावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तेव्हा "बघू, सीझन संपू दे" करत बसू नका. सुरुवातीला १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा. रिंग सैल व्हायला लागली की त्याच दिवशी व्हिडिओ काढा. सर्व्हिस सेंटरनं "वॉरंटी लागू नाही" म्हटलं तर ते लेखी मागा, नेमकं कारण लिहून मागा.

आणि एक मागणी सरकारकडं. २०२२ च्या जुलैत केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स त्यात आहे. पण पोर्टलवर माहिती टाकली म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही. झूमच्या चकत्या, रबर, ती पट्टीची वायर हे सुटे भाग ठरावीक किमतीला कुठल्याही मेकॅनिकला मिळाले पाहिजेत. आज चकती झिजली तरी अख्खी नळी बदलायचं एस्टिमेट येतं. पुण्या-मुंबईला कुरिअर, पंधरा-वीस दिवस वाट, आणि तोवर भाड्याची लेन्स. हातातली दोन लग्नं त्या भाड्यातच जातात.

ट्रॅक्टरचा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो, म्हणून नांगरणी थांबत नाही. लेन्सवर पोट असणाऱ्यालाही तेवढंच पाहिजे.

ज्यांची रिंग वॉरंटीत असताना गेली, त्यांनी लेन्सचं मॉडेल, खरेदीची तारीख आणि मिळालेलं उत्तर मला मेसेज करा. बिलावरचा नंबर-पत्ता झाका. यादी झाली की फोटोग्राफर संघटनेला सोबत घेऊन एकत्र तक्रार कशी करायची ते ठरवू.