नोंदवहीतील नाव

डहाणूच्या खाडीत नांगरलेल्या मासेमारीच्या बोटी पाहा. बोटीच्या अंगावर तिचा नोंदणी क्रमांक ठळक रंगविलेला असतो. त्या क्रमांकाने वादळ टळत नाही. पण एखादी बोट दुसऱ्याचे जाळे तोडून गेली, तर जाब कोणाला विचारावा, हे अधिकाऱ्यांना कळते.

महाजालावरील नावांचीही अशीच नोंदवही असते. ई-मेलच्या पत्त्याचा अखेरचा भाग म्हणजे असेच एक नाव. त्याला 'डोमेन' म्हणतात. ते घेणाऱ्याला आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक नोंदवावा लागतो. आपल्या देशाच्या 'डॉट इन' नावांची व्यवस्था 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया' ही संस्था पाहते.

आता डहाणूच्या चिकू बागाईतदाराला न काढलेल्या सोडतीचे बक्षीस लागते, तलासरीच्या शिक्षकाला 'तुमचे बँकखाते बंद होणार' असा ई-मेल येतो. अशा अनाहूत पत्रांना 'स्पॅम' म्हणतात. नोंदवहीतील पत्ते खरे असते, तर हे लबाड सापडले असते, असे पुष्कळांना वाटते. मला ते अर्धेच खरे वाटते.

लबाड मनुष्य आपले खरे नाव लिहील कशाला? शिवाय पत्रावर पाठविणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचा पत्ता घालणे त्याला कठीण नसते; मग नोंदवही उघडून सापडतो तो एखादा निरपराध! आणखी गंमत अशी, की या नोंदी सर्वांना खुल्या होत्या, तेव्हा हेच लोक त्यांतून सज्जनांचे पत्ते वेचून त्यांनाच पत्रे धाडीत. २०१८ साली युरोपात खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू झाला, तेव्हापासून व्यक्तींच्या पुष्कळशा नोंदी झाकल्या गेल्या. ते योग्यच झाले. बोटीवर क्रमांक असतो, मालकाच्या घराचा पत्ता नसतो.

मग नोंदवहीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण नाव देणाऱ्याने आधी खातरजमा केली असेल तरच. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी 'बँक डॉट इन' असा वेगळा शेवट ठरविला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे त्याखाली आणण्यास त्यांना सांगितले. हे नाव बँकेवाचून इतरांना मिळत नाही. ते देण्याचे काम हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या एकाच संस्थेकडे आहे. त्यामुळे लबाडांचे ई-मेल थांबले नाहीत. परंतु तलासरीच्या त्या शिक्षकाने पत्रातील दुव्यावर बोट ठेवण्यापूर्वी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट वाचावा; तो निराळा दिसला, तर शाखेत जाऊन विचारावे.