विश्लेषण : तळपायांच्या जळजळीची गोळी झोपेसाठी का घेतली जाते?

मधुमेहामुळे तळपायांची आग होते म्हणून आजोबांना रात्री एक कॅप्सूल सुरू होते. काही दिवसांत जळजळ उतरते, शिवाय झोपही गाढ लागते. महिन्याभराने आजींची झोप उडते, तेव्हा ‘यांच्यातलीच एक घेऊन बघ’ असे घरच्या घरीच ठरते. अनेक घरांना ओळखीचा वाटावा असा हा प्रसंग. ही कॅप्सूल बहुतेकदा प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिनची असते. दोन्ही मुळात झोपेची औषधे नाहीत. तरी जगभर डॉक्टरही ती कधी कधी झोपेसाठी लिहून देतात. त्यात चूक काय आणि बरोबर काय?

औषध नेमके कशासाठी?

गाबापेंटिनला अमेरिकेत १९९३ मध्ये परवानगी मिळाली ती अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी. नागिणीनंतर राहणाऱ्या नसांच्या दुखण्यासाठी ती २००२ मध्ये मिळाली. प्रीगाबालिन हे त्याचेच धाकटे भावंड, २००४ मधले. नावात ‘गाबा’ असले आणि रचना मेंदूतल्या गाबा या रसायनासारखी असली, तरी ही औषधे गाबाच्या ग्राहींवर काम करत नाहीत. मज्जापेशींमध्ये कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाहिन्यांच्या एका भागाला ती चिकटतात. त्यामुळे पेशींमधली संदेशांची देवाणघेवाण मंदावते. स्पीकरचा आवाज कमी करावा तसे दुखण्याचे संदेश हळू होतात, पण आवाज फक्त दुखण्याचाच कमी होत नाही. गुंगी येते ती त्यामुळेच.

मग झोप खरेच सुधारते का?

काहींची सुधारते. दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर दुखणे थांबल्यावर झोप लागणारच. अंथरुणावर पडल्यावर पाय सतत हलवावेसे वाटण्याच्या विकारातही, म्हणजे रेस्टलेस लेग्जमध्ये, या गटाचा उपयोग होतो. गाबापेंटिनच्या एका रूपाला त्यासाठी अमेरिकेत २०११ मध्ये परवानगीही मिळाली. गाढ झोपेचा वाटा या औषधांनी वाढतो, असेही अभ्यासांत दिसले आहे.

पण ना दुखणे, ना पायांची वळवळ, फक्त डोळ्याला डोळा लागत नाही, अशा निद्रानाशावर झालेल्या चाचण्या थोड्या, लहान आणि कमी मुदतीच्या आहेत. तरीही डॉक्टर ही औषधे का लिहितात? अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा हे सौम्य, असा समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे.

धोका कुठे आहे?

ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ही दोन्ही औषधे नियंत्रित औषधांच्या यादीत टाकली, कारण त्यांचा गैरवापर आणि त्यातून होणारे मृत्यू. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला, की वृद्धांमध्ये, दमा-सीओपीडीसारखा फुप्फुसांचा आजार असणाऱ्यांमध्ये आणि ट्रामाडोलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर घेतल्यास श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. दारूचेही तेच.

आपल्याकडे जास्त बोलायला हवे ते मूत्रपिंडांबद्दल. गाबापेंटिनचे यकृतात विघटन होत नाही, ते जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे ठणठणीत असतील तर ५ ते ७ तासांत औषध निम्मे होते. ती बरीच निकामी झाली असतील तर याच कामाला ५० तासांपेक्षा जास्त लागू शकतात. म्हणजे कालची मात्रा उतरण्याआधीच आजची चढते. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासाने दिला आहे. तळपायांची आग होणारे आणि मूत्रपिंडे कमकुवत झालेले, ही पुष्कळदा एकच माणसे असतात. रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे हा त्यांच्यासाठी पुस्तकी धोका नाही.

आणखी एक गोष्ट पट्टीवरच्या बारीक अक्षरांत दडलेली असते. आपल्याकडे प्रीगाबालिन अनेकदा मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिनबरोबर एकाच गोळीत येते. घरात तिला ‘नसांची व्हिटॅमिनची गोळी’ असे नाव पडते, आणि व्हिटॅमिन म्हटले की शेजाऱ्यालाही द्यायला कुणी कचरत नाही.

दोष कुणाचा?

मंजुरीपलीकडच्या वापराला डॉक्टरांना मनाई नाही, आणि नसावीही. कंपनीने त्याचा प्रचार करणे मात्र वेगळे. मायग्रेनसारख्या मंजूर नसलेल्या आजारांसाठी गाबापेंटिनचा प्रचार केल्याप्रकरणी वॉर्नर-लॅम्बर्टने २००४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि ४३ कोटी डॉलर मोजले. आपल्याकडची अडचण साधी आहे. चिठ्ठीवर औषधाचे नाव असते. ते कशासाठी आणि कधीपर्यंत, हे नसते. ‘झोपेसाठी, चार आठवडे, मग दाखवा’ एवढे लिहायला किती वेळ लागतो? आणि तीच जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर पट्ट्या देणाऱ्या औषध दुकानदारालाही हात झटकता येणार नाहीत.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय वर्तन-उपचार, म्हणजे झोपेच्या वेळा आणि सवयी शिस्तीने बदलणे, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच केली. तो शिकवणारे आपल्याकडे मोजकेच, गोळी मात्र कोपऱ्यावर मिळते.

आधीच घेत असाल तर?

हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. एकदम सोडल्यास घाम, बेचैनी आणि पूर्वीपेक्षा वाईट निद्रानाश होऊ शकतो. फिट्सचा त्रास असणाऱ्यांना झटकेही येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच उतरवायची. पुढच्या भेटीला जाताना पट्टी आणि क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट सोबत न्या. आणि घरात आणखी कुणी त्याच पट्टीतून घेत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.