रानडुक्कर, आपला ऊस आणि लांब पल्ल्याची रायफल



गटात कुठेही जा, एक विषय हमखास निघतो : रानडुक्कर. एका रात्रीत कळप शिरतो, पाच-दहा गुंठे ऊस लोळवतो, अन् सकाळी सभासद बांधावर डोक्याला हात लावून बसतो. वर्षभर पाणी पाजलेले, सोसायटीचे कर्ज डोक्यावर, त्यात हा घाला. अशा वेळी तरुण मुले मोबाईलवर अमेरिकेतल्या रायफली दाखवून म्हणतात, "अशी एक पाहिजे होती बघा!" म्हणून हे चार शब्द.

तिकडचा हा शौक थट्टेचा नाही. कुरणात बिळे पाडणारे वुडचक, प्रेअरी डॉग असले प्राणी ते लोक तीनशे-चारशे यार्डांवरून टिपतात. त्यासाठी कारागिराकडून जाड नळीची रायफल मुद्दाम बांधून घेतात. काडतूसही घरीच भरतात. उडालेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनच्या काट्यावर तोलायची, मग गोळी बसवायची. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम! कोणत्या मापाला गोळी कुठे लागली, याची नोंद वहीत. १९३५ साली आलेल्या .२२० स्विफ्ट काडतुसाची हलकी गोळी सेकंदाला ४,००० फुटांच्या वेगाने सुटते.

पण ही विद्या आपल्या फडात चालायची नाही. ती गोळी चार-पाच किलोच्या जनावरासाठी, पातळ कवचाची, लागताच फुटणारी. मोठे डुक्कर तिने मरेलच असे नाही. जखमी होऊन उसात दडेल, अन् सकाळी त्याची गाठ पडेल ती कोयता घेऊन शिरलेल्या तोडकऱ्याशी. तिकडे मोकळे कुरण. इकडे दहा फूट ऊस, अंधारी रात्र अन् पलीकडे टोळीच्या कोपी. हुकलेली गोळी कुणाच्या कोपीत शिरेल, सांगा!

कायद्याचेही तसेच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची, ती अपुरी पडत असेल तर गुळगुळीत नळीच्या बंदुकीची तरतूद आहे. रायफलीची त्या कलमात नाही. परवान्याशिवाय काडतूस भरणे हा गुन्हाच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे डुक्कर मारण्यास वनखात्याची परवानगी लागते, ती वेगळी.

आणि तारेत थेट लाईटचा करंट सोडणे हे तर त्याहून वाईट. डुक्कर राहते बाजूला, पाणी पाजायला आलेला आपलाच माणूस चिकटतो. झटका मशीनचा झटका क्षणभराचा असतो, जनावर भिऊन पळते. घरच्या लाईनचा करंट सोडत नाही. हा फरक प्रत्येकाने ध्यानात घ्यावा.

तेव्हा रायफल नको, त्या लोकांची वही मात्र घ्यावी. आमच्या मते कारखान्याने तीन गोष्टी कराव्यात. चिटबॉयने नुकसानीची गटवार नोंद ठेवावी व पंचनाम्यासाठी सभासदाबरोबर वनखात्याकडे जावे. लोळलेल्या उसाला तोडणी कार्यक्रमात अगोदर तोड द्यावी. अन् लागून असलेल्या शेतांना मिळून झटका मशीनचे कुंपण करण्यास उसाच्या बिलातून हप्त्याने मदत करावी. एकट्याने कुंपण केले तर डुक्कर शेजाऱ्याच्या फडात जाते. सहकार तो हाच, की ते शेजाऱ्याकडेही जाऊ नये.

संचालक मंडळाने याचा विचार करावा, ही नम्र विनंती.