नि-रे-म वरील सैतानी आळ

आमच्या गायनवृंदांत एक समज घट्ट रुजला आहे. डिमिनिश्ड ट्रायड, म्हणजेच संकुचित स्वरत्रयी, बेसूर असते. मध्ययुगात चर्चने तिच्यातील अंतर सैतानी ठरवून त्यावर बंदी घातली होती. सबब पवित्र मिस्सात ती नसलेलीच बरी. या समजाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

मुळात ही स्वरत्रयी आहे तरी काय? बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर घ्यावेत आणि प्रत्येकावर एकाआड एक स्वर रचून पाहावेत. सा, म, प यांवर मेजर स्वरत्रयी उभी राहते, रे, ग, ध यांवर मायनर. उरतो निषाद, त्याच्यावर नि-रे-म. मेजर असो वा मायनर, खालच्या व वरच्या स्वरांत सात अर्धस्वरांचे अंतर असते, म्हणून त्या स्थिर वाटतात. नि-रे-ममध्ये तीन आणि तीन मिळून सहाच भरतात. त्या एका अर्धस्वराच्या उणिवेमुळे ती कोठे टेकत नाही. नि वर सा कडे ओढ घेतो, म खाली ग कडे. हिला बेसूर म्हणणे म्हणजे स्वल्पविरामाला वाक्य अपुरे ठेवल्याचा दोष देणे होय.

आता सैतानाविषयी. जुने गायक म आणि नि यांची गाठ टाळीत व ग्रेगोरियन गायनात त्यासाठी कोमल निषादाचा आधार घेत, हे खरे. परंतु गायकांनी एखादे अंतर टाळणे निराळे आणि धर्माज्ञेने ते निषिद्ध ठरणे निराळे. अशा बंदीचा एकही आदेश कोणी दाखविलेला नाही. 'संगीतातील सैतान' हा लॅटिन शब्दप्रयोग ग्रंथांतून ठळकपणे दिसू लागतो तो अठराव्या शतकाच्या आरंभी. फुक्स यांच्या १७२५ सालच्या पाठ्यग्रंथात तो आहे. तेव्हा मध्ययुग केव्हाच सरले होते! ज्यांच्या बहुस्वरी गायनाचा पोप दहावे पायस यांनी १९०३ साली गौरव केला, त्या पालेस्त्रीनांच्या रचनांतही ही स्वरत्रयी आढळते. फरक एवढाच की ते खर्जात नि न ठेवता रे ठेवतात.

आणि बाख? ते लुथरपंथी, हे मान्य. पण त्यांच्या मत्तयकृत दुःखसहनाच्या संगीतात पिलाताच्या प्रश्नावर जमाव 'बरब्बा' एवढेच ओरडतो, तेव्हा याच स्वरत्रयीवर आणखी एक तेवढेच अंतर चढवलेली कॉर्ड कानांवर आदळते. तेथे मेजर कॉर्ड घालून पाहावी; जमाव वाढदिवसाला आल्यासारखा वाटेल.

गंमत अशी की हिला नाके मुरडणारे आमचे गिटारवादक 'जी सेव्हन' मात्र निःशंक वाजवतात. प-नि-रे-म या त्या चार स्वरांतून प काढला की उरते ती हीच. पंचमाचे बोट धरून आलेल्या सैतानाला मंदिरात प्रवेश आणि एकट्याला मज्जाव, हा कोठला न्याय?

चार आवाजांच्या गायनवृंदाने बेसला रे द्यावा आणि दुप्पट करावयाचा तर रेच करावा, नि नव्हे; दोन्ही निषाद सा कडे धावले की दोन आवाजांचा एकच होतो. एवढे करूनही कानाला खटकलेच, तर कॉर्ड खोडण्यापूर्वी सोप्रानोंचा निषाद तपासावा. तो बहुधा उतरलेला असतो.