व्यायाम : यंत्रांचा की अंगाचा?

‘व्यायाम’ म्हटले की आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे आरसे लावलेली जिम उभी राहते. तिची फी परवडत नसेल तर आपल्या नशिबी व्यायामच नाही, अशी आपण समजूत करून घेतो. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे.

वजने उचलणे वाईट नव्हे. पण जिममधली बरीचशी यंत्रे शरीराला ठरावीक वाटेनेच हलवतात. शरीर मात्र उकिडवे बसणे, रांगणे, चढणे, लोंबकळणे, उडी मारणे अशा नाना हालचालींसाठी घडले आहे. आपल्या जोर, बैठका व मल्लखांबाला हे ठाऊक होते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची व व्यायामांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली.

यावर पोंभुर्ण्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतील, “शेतात राबा, वेगळा व्यायाम कशाला?” हे अर्धेच खरे आहे. रोवणीत बाया दिवसभर कमरेत वाकून असतात. कष्ट अपार, पण हालचाल एकच, आणि थकल्यावर थांबण्याची मुभा नाही. त्यामुळे कंबर बळकट होण्याऐवजी दुखू लागते. श्रम पोटासाठी असतात, व्यायाम शरीरासाठी. श्रमात जे अवयव आखडतात, ते व्यायामात मोकळे झाले पाहिजेत.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मित्रांचेही असेच होते. १६०० मीटर धावायचे म्हणून रोज नुसते धावायचे! त्यातही वाघांच्या या जिल्ह्यात पहाटेच्या अंधारात जंगलालगतच्या रस्त्याने धावणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यापेक्षा अंगणात वा मैदानात व्यायाम करावा. सूर्यनमस्काराने वाकणे, ताणणे व जोर होतो, पण ओढण्याचे काम होत नाही. त्यासाठी मजबूत फांदीला किंवा बारला लोंबकळावे. बैठका सोप्या वाटू लागल्या तर सावकाश खाली जावे. पुढे एका पायावर भार घ्यावा. वजन आपलेच, तरी कस वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. याला यंत्रच हवे, असे कुठेही नाही.

प्रश्न उरतो जागेचा आणि वेळेचा. मुले कुठेही जोर काढू शकतात. मुलींनी उघड्यावर बैठका मारल्या तर गाव पाहत राहते. म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे, की महाविद्यालयांनी महागड्या यंत्रांआधी मैदानात दोन बार रोवावेत आणि मुलींसाठी एक तास राखून ठेवावा. तो तास तासिकांच्या वेळातच असावा, कारण घरी गेल्यावर त्यांच्या वाट्याला पुन्हा कामच येते.