घरातील शाळा, कायद्यातील संदिग्धता

एप्रिल उजाडला की राजधानीतील शाळांचे नवे वर्ष सुरू होते. प्रवेशाच्या याद्या, गणवेश, पुस्तके आणि खासगी शाळांच्या शुल्कवाढीविरुद्ध पालकांची आंदोलने, हे दरवर्षीचे चित्र. या गदारोळात एक छोटा वर्ग मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे आणि अभ्यासक्रम, पाठ व परीक्षा यांसाठी सरकारच्याच मुक्त आणि ऑनलाइन व्यवस्थेचा आधार घ्यायचा, असे ठरवून वर्षाचा प्रारंभ करणारी ही कुटुंबे. बदलीची नोकरी, मुलाचा खेळ वा कला, आजारपण, शाळेतील जाच किंवा शालेय शिक्षणपद्धतीविषयीचा मूलभूत आक्षेप, अशी त्यांची कारणे निरनिराळी असतात. कोंडी मात्र एकच आहे. जी व्यवस्था सरकार उभी करते, तिच्या आधारे घरी शिकणाऱ्या सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारचाच कायदा शाळाबाह्य ठरवू शकतो.

व्यवस्था तशी लहान नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा प्रयोग म्हणून १९७९ मध्ये सुरू झालेल्या मुक्त शाळेला १९८९ मध्ये स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले आणि आज ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, अर्थात एनआयओएस, या नावाने दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या अ, ब आणि क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ आले. २०२० च्या टाळेबंदीत 'पीएम ई-विद्या' योजनेखाली 'एक वर्ग, एक वाहिनी' हे सूत्र मांडून १२ वाहिन्यांची घोषणा झाली आणि २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात त्या २०० पर्यंत नेण्याचे ठरले. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुक्त शाळांचा विस्तार करण्याची ग्वाही दिली होती. पाठ, पुस्तक, प्रमाणपत्र असे सारे सरकारी. शिक्षकाची जागा तेवढी आई-वडिलांनी भरून काढायची.

कायद्याचा सूर मात्र वेगळा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. तो अमलात आणणारा २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम १० पाल्याला 'शेजारशाळेत' दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य ठरवते. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला कायद्यात शिक्षा नाही, हे खरे. परंतु शिक्षा नाही म्हणजे मान्यता आहे, असा अर्थ निघत नाही. ज्या मुलांनी आयुष्यात शाळेचे तोंडही पाहिले नाही त्यांना वर्गात आणण्यासाठी हा कायदा झाला होता. घरी विचारपूर्वक शिकवणारे पालक त्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते.

सरकारला स्वतःलाही हा पेच सुटलेला नाही. घरी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आधी सांगितले की, स्वेच्छेने गृहशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. काही महिन्यांतच मंत्रालयाने ही भूमिका मागे घेतली. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला आणि मदरसे, वैदिक पाठशाळा व मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. म्हणजे शाळेच्या चौकटीबाहेरचे शिक्षण संसदेला अमान्य नाही. ज्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचला त्यांना सवलत मिळाली. घरी शिकवणारे पालक विखुरलेले आहेत आणि विखुरलेल्यांची मतपेढी होत नाही.

म्हणूनच या विषयात राजकारण शिरले ते श्रेयापुरते. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी नववी ते बारावीच्या आभासी शाळेचा प्रारंभ केला आणि ती देशातील पहिलीच असल्याचे सांगितले. अशी शाळा आपण २०२१ मध्येच सुरू केल्याचे एनआयओएसने लगोलग स्पष्ट केले. पहिले कोण, यावर दोन सरकारांत शाब्दिक चकमक झडली. पण दिल्लीची ही शाळा नववीपासूनच का सुरू होते आणि त्याआधीच्या मुलाने जायचे कुठे, हा प्रश्न मागेच राहिला.

सरकारी प्रमाणपत्र हाती असणेही पुरेसे नसते, याचा अनुभव मुक्त शाळेतून बारावी झालेल्यांनी घेतला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांनी त्यांना वैद्यकीय प्रवेशाचे दार बंद केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली, तरी वाद पूर्णपणे मिटण्यास सर्वोच्च न्यायालयात २०२४ उजाडावे लागले. एका सरकारी संस्थेने दिलेले प्रमाणपत्र दुसऱ्या संस्थेने नाकारायचे आणि विद्यार्थ्याने न्यायालयाची पायरी चढायची, ही रीत बारावीच्या युवकाला परवडत नसेल, तर दहा वर्षांच्या मुलाला कशी परवडावी?

याचा अर्थ पालकांना मोकळे रान द्यावे, असा नव्हे. गृहशिक्षणाला विरोध करणाऱ्यांचा आक्षेप वजनदार आहे. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने मुलांना कुटुंबाच्या व्यवसायात हातभार लावण्याची मुभा दिली, ती 'शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत'. ज्या मुलाला शाळाच नाही, त्याची शाळेची वेळ कोणती? विडीच्या पाटाशी बसलेली किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी 'घरी शिकते' असे कागदावर दाखवणे मग कोणालाही सोपे होईल. सुशिक्षित कुटुंबासाठी उघडलेले दार गरीब मुलीसाठी शाळेबाहेर जाण्याची वाट ठरू नये, ही चिंता रास्त आहे. पण संदिग्धतेमुळे ही मुलगी सुरक्षित राहत नाही. आज ना तिची नोंद होते, ना घरी मनापासून शिकणाऱ्या मुलाची. दोघेही एकाच अंधारात आहेत.

इंग्लंडच्या कायद्यात मुलाला शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकाचेच आहे. मात्र ते 'शाळेत किंवा अन्य प्रकारे' पार पाडता येते. तेथेही मुले नजरेआड होण्याची भीती वाटू लागली, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या विधेयकात शाळेत नसलेल्या मुलांच्या सक्तीच्या नोंदवहीची तरतूद करण्यात आली. सवलत आणि नोंद या दोन्ही बाबी एकत्र नांदू शकतात, हा त्यातील धडा.

भारतात यासाठी नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कलम ९ स्थानिक प्राधिकरणाला चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवण्यास सांगतेच, तर कलम ४ शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देते. कलम १० मध्ये सार्वजनिक मुक्त शाळेतील नोंदणीला शेजारशाळेतील प्रवेशाचा पर्याय म्हणून मान्यता द्यावी. त्यासोबत स्थानिक प्राधिकरणाकडे दरवर्षी नोंद, वर्षातून किमान एकदा मुलाची प्रत्यक्ष भेट व मूल्यमापन आणि मूल केव्हाही शाळेत परतण्यास पात्र राहील याची हमी, अशा तीन अटी घालाव्यात. शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने राज्यांना विश्वासात घ्यावे लागेल. पण केंद्रीय कायद्यातील दुरुस्ती ही संसदेचीच जबाबदारी आहे.

वाहिन्या वाढवणे आणि आभासी शाळांची उद्घाटने करणे सोपे असते, कारण त्यात कोणाचे उत्तरदायित्व ठरत नाही. कायद्यात एक वाक्य घातले की ते ठरते. मग घरी शिकणारे मूल मागे पडले, राबवले गेले किंवा परतीच्या वाटेवर अडले, तर जाब सरकारलाही द्यावा लागेल. हे उत्तरदायित्व स्वीकारायचे नसेल, तर घरी बसून शिका, असे सांगणाऱ्या जाहिराती तरी सरकारने करू नयेत.