‘काळी मेंदी’ : परंपरेच्या नावावर रसायनाचा व्यापार

मेंदीच्या पानांतील लॉसोन या रंगद्रव्याने केस तांबूस होतात, काळे होत नाहीत. काळेपणासाठी मेंदीनंतर निळीच्या पानांची भुकटी लावावी लागते आणि रंग चढायला वेळ द्यावा लागतो. घरोघरीच्या आजीला ठाऊक असलेले हे सत्य शिकलेला नातू मात्र विसरला आहे. म्हणूनच अर्ध्या तासात काळेभोर केस देणारी ‘काळी मेंदी’ निर्धास्तपणे विकली जाते. वेष्टनावर हिरवे पान आणि ‘हर्बल’ हा शब्द. आत मात्र बहुधा पॅराफिनिलिनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी!

पीपीडीमुळे काहींच्या त्वचेला तीव्र वावडे येते. टाळूवर पुरळ उठते, पापण्या व चेहरा सुजतो. एकदा जडलेले हे वावडे सहसा आयुष्यभर सुटत नाही. लग्नसमारंभात हौसेने हातावर काढलेल्या काळ्या मेंदीतून ते जडले, तर पुढे केस रंगवताना त्याचा भडका उडतो. पोटात गेल्यास हेच रसायन घशाला सूज आणते, स्नायू व मूत्रपिंडे निकामी करते. त्यावर विशिष्ट उतारा नाही.

धोका नवा नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात पापण्यांच्या अशाच रंगाने स्त्रियांची दृष्टी गेली. १९३८ साली तेथे कायदा झाला, पण डांबरजन्य केशरंग केवळ एका इशाऱ्याच्या बळावर त्यातून निसटले. युरोपीय संघाने केसांवरील पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांवर रोखले आणि १६ वर्षांखालील मुलांसाठी हा रंग नाही, असे छापणे बंधनकारक केले.

कर्करोगाचा बागुलबुवा उभा करण्याचे मात्र कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, घरी केस रंगवणाऱ्यांबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. केशकर्तनाचा व्यवसाय मात्र ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात आहे. ग्राहकाचे तारुण्य टिकवताना कारागिराच्या हातात साधे हातमोजेही नसावेत, ही कोणती माणुसकी?

आपल्याकडे नियम आहेत. पीपीडीयुक्त रंगाच्या आतील व बाहेरील वेष्टनावर इंग्रजीसह स्थानिक भाषेत इशारा हवा. कानामागे किंवा कोपर ते मनगट या भागाच्या आतील बाजूस रंग लावून २४ तास वाट पाहण्याची सूचना हवी, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करायची आहे. पण मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांतला इशारा वाचणार कोण? नियमाचे शब्द पाळून त्याचा आत्मा मारण्याचाच हा प्रकार आहे.

ज्या पुडीत पीपीडी आहे, तिच्यावर ‘मेंदी’ हे नाव मिरवू देऊ नये. मराठी इशारा दर्शनी भागावर, ठळक अक्षरांत असावा. शासन हे करील तेव्हा करो. तोवर प्रत्येक घराने पुडी उलटी करून घटकांची यादी वाचावी. पिकलेले केस ही लाज नव्हे. लाज वाटायला हवी ती पूर्वजांच्या वनस्पतीचे नाव लावून रसायन विकणाऱ्यांना!